तळहाताआडचा टॉर्च आणि मावशीचा गुडघा

मागच्या पावसाळ्यात शिरोळहून मावशीचा फोन आला. "अगं, तो लाल दिव्यांचा पट्टा मागवू का? गुडघ्याला गुंडाळायचा आणि वीस मिनिटं बसायचं. नासाचं तंत्रज्ञान आहे म्हणे." तिला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं होतं. मी पाऊण तास बोलत राहिले. शेवटी "माझी आमटी करपेल बाई" म्हणून तिनेच फोन ठेवला. तेव्हा अर्धं राहिलेलं उत्तर इथे पुरं करते.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. फिजिओथेरपीला जाणारी आपली माणसं यंत्राचं नाव क्वचितच घेतात. 'करंट लावला', 'जेल लावून फिरवतात ते मशीन', 'मेणाचा शेक', 'लाल दिव्याचा शेक' अशी सगळी भाषा. यातला लाल दिव्याचा शेक म्हणजे इन्फ्रारेड दिवा, म्हणजे एक चांगला तापणारा बल्ब. त्याच्यासमोर पाठ करून बसलं की कातडी गरम होते, स्नायू सैलावतात, बरं वाटतं. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र 'लाइट घेणं' किंवा 'शेक घेणं' म्हणजे रेडिएशन. तिथले किरण इतके शक्तिमान असतात की ते पेशींमधला डीएनए तोडतात, आणि त्यासाठीच ते दिलेले असतात.

मावशीचा पट्टा या दोन्हींत बसत नाही. त्यामागचा विचार असा, की कातडी न तापवता आणि काही न तोडता मंद लाल प्रकाश किंवा लालच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश अंगावर टाकायचा आणि त्याने पेशींच्या कामात फरक पाडायचा. याला आधी 'लो-लेव्हल लेसर' म्हणत, कुणी 'कोल्ड लेसर' म्हणत. २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी 'फोटोबायोमॉड्युलेशन' हे नाव ठरवलं. ते उच्चारताना माझी जीभ अडखळते, म्हणून इथे मंद प्रकाशाचा उपचार म्हणू.

उजेड हे औषध असू शकतं का?

हा प्रश्न मावशीनेही विचारला, जरा संशयानेच. मी तिला तिच्या नातवाची आठवण करून दिली. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तो पिवळा दिसायला लागला म्हणून त्याला दोन दिवस 'पेटीत' ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, वर निळे दिवे. आपल्याकडे घरटी एकाला तरी हे माहीत असतं, पण त्या पेटीत नेमकं काय चालतं याचा विचार आपण करत नाही. बाळ त्या दिव्यांनी शेकत नसतं. काविळीचं पिवळं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, निळा प्रकाश शोषतं. शोषला की त्याच्या रेणूचा आकार बदलतो, तो पाण्यात विरघळू लागतो आणि पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडतो.

याचा शोधही गमतीशीर आहे. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बागेत उन्हाला नेत असत. एका बाळाच्या अंगाचा पिवळेपणा कमी झालेला होता, फक्त एक त्रिकोणी तुकडा तसाच पिवळाधमक होता. चादरीचा कोपरा तेवढ्या भागावर पडलेला होता. त्या कोपऱ्याने वैद्यकशास्त्राला एक उपचार दिला.

यातून घ्यायची गोष्ट एकच. प्रकाशाने शरीरात काही घडायचं असेल, तर तो शोषून घेणारं काहीतरी तिथे असायला हवं. बाळाच्या काविळीत ते बिलिरुबिन. दुखऱ्या गुडघ्यात कोण?

टॉर्च, तळहात आणि घाटातलं धुकं

त्या प्रश्नाकडे जाण्याआधी प्रकाश आत शिरतो तरी का, ते पाहू. लोडशेडिंगच्या रात्री टॉर्च तळहाताने झाकून बोटं लालबुंद करण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, मग बोटांतून लालच का बाहेर येतो? रक्तातलं हिमोग्लोबिन आणि कातडीतलं मेलॅनिन निळा-हिरवा भाग वाटेतच खाऊन टाकतात. लाल भाग त्यांच्या तावडीतून बराचसा सुटतो. प्रकाशाचा रंग त्याच्या लाटेच्या लांबीवरून ठरतो आणि ती लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. मोजायचं तर साधारण ६०० नॅनोमीटरपासून १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शरीरात त्यातल्या त्यात खोल जातो. त्याच्यापुढे शरीरातलं पाणीच तो शोषायला लागतं. या पट्ट्याला तज्ज्ञ 'खिडकी' म्हणतात. उपचाराची बहुतेक यंत्रं याच खिडकीतली असतात. ६३३ आणि ६६० हे डोळ्यांना दिसणारे लाल, तर ८१०, ८३० आणि ९०४ हे न दिसणारे.

त्याच खेळात आणखी एक गोष्ट दिसते, ती मुलांच्या लक्षात येते, मोठ्यांच्या नाही. बोटं लाल होतात, पण आतली हाडं दिसत नाहीत. कारण प्रकाश सरळ जात नाही, पेशींवर आपटून चहूकडे विखुरतो. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात गाडीचे हेडलाइट लावले की समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो, तसंच. म्हणून 'आमचा लेसर आहे, साधा एलईडी नाही' या फुशारकीला मी फार किंमत देत नाही. लेसरची शिस्तबद्ध सरळ रेघ कातडीखाली काही मिलिमीटरमध्येच विस्कटते. एका बिंदूवर भरपूर प्रकाश द्यायचा असेल तेव्हा लेसर सोयीचा, मोठ्या भागावर पसरून द्यायचा तर एलईडी. पेशीला पोचलेल्या प्रकाशाशी मतलब.

आणि पोचतो तो थोडाच. सेंटिमीटरभर आत जाईपर्यंत मूळ प्रकाशाचा लहानसा हिस्सा उरतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे दिसणारा लाल प्रकाश आणखी अडतो आणि अदृश्य पट्ट्यातला प्रकाश तुलनेने बरा पोचतो. जाणकार फिजिओथेरपिस्ट लेसरचं टोक कातडीवर नुसतं धरत नाहीत, दाबून धरतात. दाबल्याने तिथलं रक्त बाजूला सरतं, मांसाचा थर चेपतो आणि अंतर कमी होतं. फुकटची युक्ती, पण उपयोगी.

रुमाल टाकून अडवलेली जागा

आता प्रकाश शोषणारा कोण? सर्वात जास्त मान्यता असलेलं उत्तर असं, की पेशीतलं ऊर्जेचं काम मायटोकॉन्ड्रिया करतात आणि त्यांच्या कामाच्या साखळीत शेवटाजवळ 'सायटोक्रोम सी ऑक्सिडेज' नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन तिथे येऊन वापरला जातो. या विकरात लोह आणि तांबं असतं आणि ते लाल व त्यापलीकडचा प्रकाश शोषतं. मॉस्कोजवळच्या त्रोइत्स्क इथे काम करणाऱ्या तिना कारू यांनी १९८० च्या दशकापासून ही कल्पना चिकाटीने मांडली.

पेशी आजारी किंवा ताणाखाली असली की तिथे नायट्रिक ऑक्साइड जास्त होतं आणि ते या विकरावर ऑक्सिजनची जागा अडवून बसतं. एसटी फलाटाला लागली की कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतं, मग तिकीट काढलेला प्रवासी उभाच राहतो. प्रकाश हा रुमाल उचलतो. ऑक्सिजन जागेवर बसतो, पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी पुन्हा नीट तयार होतं, आणि सुटलेलं नायट्रिक ऑक्साइड जाता जाता आसपासच्या रक्तवाहिन्या थोड्या सैल करतं. पुढे पेशीत निरोपांची साखळी सुरू होते. दाह वाढवणारी द्रव्यं कमी, दुरुस्ती करणारी जास्त. म्हणून दिवा काही मिनिटांचा आणि परिणाम तास-दिवसांचा.

या चित्रातून एक गोष्ट आपोआप निघते. निरोगी पेशीत रुमाल फारसे नसतातच, तेव्हा तिथे प्रकाश टाकून मिळायचं तरी काय? 'एनर्जी वाढवा, तरुण व्हा' म्हणत धडधाकट माणसाला पॅनेल विकणाऱ्याला हे विचारून बघावं. अर्थात हे चित्र पूर्ण नाही. हे विकर नसलेल्या पेशींवरही ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा परिणाम दिसल्याचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शोषणारं आणखीही कोणी आहे.

वेदना कमी होण्याचा रस्ता थोडा वेगळा. एक तर दाह उतरला की दुखणं उतरतंच. शिवाय प्रकाशाचा डोस जरा जास्त असेल तर वेदनेचा निरोप नेणाऱ्या बारीक नसांची गती तात्पुरती मंदावते. म्हणजे जखम भरायला हलका हात आणि ठणका थांबवायला जड हात. ज्या यंत्राला एकच बटण आहे, त्याला हा फरक करता येत नाही.

बुडापेस्टचे उंदीर

हे सगळं सुरू झालं ते एका फसलेल्या प्रयोगातून. थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियात पहिला लेसर पेटवला, माणकाच्या कांडीचा. काही वर्षांत बॉस्टनमध्ये पॉल मॅकगफ यांनी अशा लेसरने प्राण्यांमधल्या गाठी नष्ट करून पाहिल्या. बुडापेस्टचे शल्यविशारद एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास तेच करायला घेतलं. पण त्यांच्याकडच्या लेसरची ताकद बॉस्टनच्या मानाने अगदीच कमी होती. उंदरांची पाठ भादरली, लेसर टाकला. गाठीला काहीही झालं नाही. पण ज्या उंदरांवर लेसर टाकला होता, त्यांच्या पाठीवर केस लवकर उगवले.

दुसरा कोणी असता तर यंत्राला शिव्या देऊन नवं मागवलं असतं. मेस्टर यांनी केसांची नोंद घेतली, मग जखमांवर तोच लेसर वापरून पाहिला, आणि पुढे माणसांच्या न भरणाऱ्या व्रणांवर. केस उगवण्याचा धागा पुढे बाजाराने पकडला आणि २००७ मध्ये लेसरच्या कंगव्यालाही अमेरिकेत विक्रीची वाट मोकळी झाली.

नासाचा संबंध खरा आहे, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही. अंतराळात रोपं वाढवायची तर कमी विजेचे, न तापणारे दिवे हवेत, म्हणून १९९० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये लाल एलईडी तयार झाले आणि १९९५ मध्ये कोलंबिया यानातून बटाट्याच्या प्रयोगासाठी वर गेले. मग मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनच्या हॅरी व्हेलन यांनी तेच दिवे नासाच्या पैशाने जखमांवर तपासले. यातून आजच्या कुठल्याही गुडघ्याच्या पट्ट्याला नासाचा शिक्का मिळत नाही. आपल्या बटाट्याला तरी कुठे मिळतो?

किती? हाच खरा प्रश्न

मावशीला मी सर्वात जास्त वेळ याच मुद्द्यावर धरून ठेवलं होतं. प्रकाशाला औषध म्हणायचं तर त्याला डोसही हवा. 'क्रोसिन घे' म्हटल्यावर आपण किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, असं विचारतो. 'लाइट लाव' म्हटल्यावर मात्र कुणी काही विचारत नाही.

डोस ज्यूलमध्ये मोजतात आणि हिशेब पाचवीचा आहे. ताकद गुणिले वेळ. एक वॉट एक सेकंद दिला म्हणजे एक ज्यूल. समजा, एखादा दिवा कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५० मिलिवॉट प्रकाश टाकतो आणि तिथे ४ ज्यूल द्यायचे आहेत. लागतील ८० सेकंद. दुसरा दिवा दिसायला तितकाच लाल, पण टाकतो ५ मिलिवॉट. मग लागतील ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून थोडे जास्त. डोळ्यांना फरक कळणार नाही, दोन्ही दिवे 'छान लाल' दिसतील. ८१० किंवा ८३० नॅनोमीटरचा असेल तर काहीच दिसणार नाही, टीव्हीच्या रिमोटचा दिवा दिसत नाही तसा. तुलनेसाठी सांगते, भर दुपारच्या स्वच्छ उन्हात सगळे रंग मिळून चौरस सेंटिमीटरला साधारण १०० मिलिवॉट मिळतात.

मग भरपूर वेळ लावून ठेवावा, म्हणजे कमी पडायला नको? इथे मावशीला तिच्याच शिवारातलं उदाहरण दिलं आणि ते लगेच पटलं. शिरोळ भागात उसाला पाणी हाताशी आहे म्हणून वर्षानुवर्षं पाटाने सोडत राहिले, आणि किती एकर जमीन क्षारपड होऊन बसली. पाणी कमी पडलं तरी पीक जातं, जास्त झालं तरी जमीन जाते. प्रकाशाचंही असंच आहे. कमी डोसला काही घडत नाही, मधल्या पट्ट्यात फायदा होतो, त्याच्या वर गेलं की फायदा पुसला जातो, आणि आणखी वर गेलं तर पेशींची दुरुस्ती उलट मंदावते. जास्त म्हणजे चांगलं, हे इथे चालत नाही. यंत्र 'हाय पॉवर' आहे ही म्हणून शिफारस ठरत नाही. ५०० मिलिवॉटच्या वरचे लेसर तर धोक्याच्या वर्गवारीत चौथ्या, म्हणजे सर्वात वरच्या वर्गात मोडतात. ते कातडी तापवतातच, आणि चुकीच्या हातात भाजतातही.

याच कारणाने या विषयावरचे शोधनिबंध एकमेकांशी भांडताना दिसतात. कुणी एक ज्यूल दिला, कुणी तीस. कुणी गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेवर दिला, कुणी वाटीवर. आणि सगळ्यांच्या निबंधाचं शीर्षक 'गुडघेदुखीत लेसर'. सगळ्यांची सरासरी काढली तर 'फारसा उपयोग नाही' असंच येणार. नॉर्वेतल्या बर्गेनच्या गटाने २०१९ मध्ये २२ चाचण्या आणि १,०६३ रुग्ण एकत्र घेऊन नेमका हाच गुंता सोडवला. शिफारस केलेल्या डोसच्या चाचण्या एकीकडे, त्याहून कमी डोसच्या दुसरीकडे. योग्य डोसच्या गटात वेदना स्पष्टपणे कमी झालेल्या दिसल्या. तो डोस असा: ७८५ ते ८६० नॅनोमीटरला प्रत्येक बिंदूवर ४ ते ८ ज्यूल, ९०४ ला १ ते ३ ज्यूल. क्लिनिकमध्ये १०० मिलिवॉटचं ८१० नॅनोमीटरचं टोक असेल तर एका बिंदूला ४० ते ८० सेकंद लागतात. दहा सेकंद टेकवून पुढे जाणाऱ्याने एकच ज्यूल दिलेला असतो.

कुठे उपयोग होतो, कुठे नाही

माझा एक ठोकताळा आहे. दुखणारी जागा कातडीपासून जितकी खोल, तितका पुरावा लटका. मानेच्या दुखण्यात पुरावा बऱ्यापैकी आहे. सिडनीच्या रोबर्टा चाऊ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात एकूण ८२० रुग्ण होते. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावरही २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचं त्यात आढळलं. गुडघ्याचं वर सांगितलंच. संधिवातात म्हणजे आमवातात हातांचं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा थोड्या दिवसांसाठी कमी होतो.

कंबरदुखीत मात्र घोळ. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीला लेसर देऊ नका असं सांगितलं, तर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी तो यादीत घेतला आणि पुरावा कमकुवत असल्याचंही तिथेच लिहिलं. मणक्यातली चकती पाठीच्या कातडीपासून कित्येक सेंटिमीटर आत असते. तळहाताएवढ्या जाडीत टॉर्चचं काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

या ठोकताळ्याला एक मोठा अपवादही आहे. पायावरचे न भरणारे व्रण तर उघडेच असतात, प्रकाश थेट पोचतो, तरी निकाल संमिश्र. कारण सरळ आहे. शिरांमध्ये रक्त तुंबून झालेल्या व्रणाला घट्ट पट्टी बांधल्याशिवाय ते तुंबणं थांबत नाही, आणि मधुमेहाच्या पायाला साखर आटोक्यात येऊन त्या जागेवरचा भार काढल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रकाश पेशीला हात देतो, पण जखम करणारं कारण जागचं हलवत नाही. मधुमेह्यांसाठी आणखी एक इशारा: पायाची संवेदना गेलेली असेल तर 'लाल दिवा' म्हणून चुकून तापणारा इन्फ्रारेड दिवा लावला गेला, तर भाजल्याचं कळणारही नाही. दोन्ही दिवे लाल, आणि दुकानात दोन्हींचं नाव 'इन्फ्रारेड थेरपी'.

तोंड आलेल्यांसाठी

सर्वात भक्कम पुरावा जिथे आहे, तिथली जाहिरात मी अजून पाहिलेली नाही.

महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी किती तोंडं पोखरली ते वेगळं सांगायला नको. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो टपऱ्यांवर मिळतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडाच्या कर्करोगाला सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन देतात, बऱ्याचदा जोडीला केमो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आतली त्वचा सोलवटायला लागते. आपण 'तोंड आलंय' म्हणतो त्याच्या कितीतरी पट. पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. भाताची पेज जात नाही, नाकातून नळी घालावी लागते, आणि काही जण मध्येच उपचार थांबवतात. रेडिएशनमध्ये पडलेला खंड महागात पडतो, कारण उरलेल्या कर्करोगाच्या पेशी तेवढ्यात पुन्हा वाढू शकतात.

इथे मंद लाल प्रकाश व्रण पडण्याआधीपासून, रेडिएशनच्या दिवसांत, गालाच्या आत, ओठांवर, जिभेच्या कडांना बिंदूबिंदूने देतात. एका बिंदूला काही सेकंद. त्याने व्रण कमी पडतात, उशिरा पडतात, दुखणं कमी राहतं. मणिपालमधल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतही हेच दिसलं. कर्करोग उपचारांच्या दुष्परिणामांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा उपचार शिफारस म्हणून आहे, आणि कंबरेला लेसर नको म्हणणाऱ्या त्याच 'नाइस'ने २०१८ मध्ये तोंडाच्या या व्रणांसाठी त्याला संमती दिली.

तोंडातच का इतकं जमतं? मधे जाड कातडी नाही, जागा मिलिमीटरभर खोल, इजा कधी होणार ते कॅलेंडरवर लिहिलेलं, आणि डोस ठरवणारा माणूस प्रशिक्षित. बाजारातल्या पट्ट्याकडे यातलं एकही नाही. मात्र हे घरी करायचं काम नव्हे. गाठीवरच प्रकाश पडला तर काय, हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञाने सोडवायचा आहे. घरात कुणाला असं रेडिएशन सुरू होणार असेल, तर आपल्या रुग्णालयात ही सोय आहे का एवढं पहिल्याच भेटीत विचारावं. व्रण पडल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो.

पट्टा हातात घेतल्यावर

विकत घ्यायचाच असेल तर खोक्यावर दोन आकडे शोधा: किती नॅनोमीटर, आणि कातडीपाशी चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट. 'दोनशे दिवे', '६० वॉट' यावरून काही कळत नाही. साठ वॉट ही भिंतीतून ओढलेली वीज असते, त्यातली गुडघ्यात किती उतरते ते वेगळंच. 'एफडीए क्लिअर्ड' लिहिलेलं असेल (एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था) तर त्याचा अर्थ एवढाच, की आधीच्या अशाच यंत्राशी हे मिळतंजुळतं आहे. मनगटातली नस दबण्याच्या त्रासासाठी २००२ मध्ये पहिल्या लेसरला तशी परवानगी मिळाली आणि मग मागोमाग रांग लागली. नव्या औषधाला मंजुरीसाठी जी अग्निपरीक्षा द्यावी लागते, ती यात नसते.

डोळे जपा. अदृश्य प्रकाशाला आपली पापणी मिटत नाही, कारण डोळ्यांना तो कळतच नाही, आणि लेसर असेल तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. क्लिनिकमध्ये त्या यंत्राचा चष्मा तुम्हाला आणि चालवणाऱ्याला दोघांनाही हवा. कर्करोगाच्या जागेवर आणि गरोदरपणी पोटावर हा प्रकाश नको. काही औषधांनी कातडी उजेडाला हळवी होते, तेव्हा चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी.

मावशीने दुसऱ्या दिवशी त्या जाहिरातीतल्या नंबरावर फोन केला आणि सरळ विचारलं, "किती नॅनोमीटरचा?" पलीकडच्या मुलाने साइज मीडियम की लार्ज ते विचारलं. पट्टा राहिला. ती जयसिंगपूरच्या फिजिओथेरपिस्टकडे जायला लागली. आठवड्यातून तीनदा, गुडघ्याच्या आतल्या-बाहेरच्या बाजूला दाबून लेसर, आणि जोडीला मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम: उशी गुडघ्याखाली, पाय ताणायचा, दहापर्यंत मोजायचं. महिनाभराने फोनवर म्हणाली, गच्चीवर पापड घालायला एका दमात चढले. मी विचारलं, लेसरने की व्यायामाने? एकट्या मावशीवरून ते ठरवता येत नाही, हे मलाही माहीत होतं. "ते तू शोध," ती म्हणाली, "मी खाली जाऊन दुसरी परात आणते."